वाण म्हणून लुटलेली कुपने

जिच्या पळीतून पडणाऱ्या घासावर हे चराचर जगते त्या श्रीअन्नपूर्णेला, आणि कोणत्याही आरंभी ज्याला विसरून चालत नाही त्या श्रीगजाननाला नमस्कार करून हा लेख लिहावयास बसलो आहे. निमित्त आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे. ‘निवृत्तीनंतरचे दिवस’ या विषयावर काही लिहा, असे संपादकांनी सांगितले, तेव्हा त्यांना बहुधा उपनिषदांवरील माझी टिपणे अपेक्षित असावीत. मी सँडविचविषयी लिहिणार आहे. वाचकांना धक्का बसला तर बसू द्यावा. मला तो नऊ वर्षे रोज बसत होता.

एकतीस वर्षे मी भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्त झालो त्याच वर्षी माझ्या भाच्याने, माधवने, एका मोठ्या सँडविच कंपनीची शाखा बाजारपेठेच्या तोंडाशी उघडली. तो घरी येऊन म्हणाला, “मामा, गल्ल्यावर घरचा माणूस हवा. तुम्ही फक्त बसा, बाकी सगळं मशीन करतं.” शाखा शुद्ध शाकाहारी आहे याची तीनदा खात्री करून मी होकार दिला. सकाळी स्नानसंध्या आटोपून, शेंडीवर कंपनीची टोपी चढवून मी अकरा वाजता गल्ल्यावर बसू लागलो. माझे जुने विद्यार्थी काचेबाहेरून मला पाहून थबकत. एकाने तर आत येऊन विचारले, “सर, सगळं ठीक आहे ना घरी?”

ज्यांनी अशा दुकानात पाऊल टाकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वीतभर लांबीचा पाव आडवा चिरतात आणि गिऱ्हाईक सांगेल तसे त्यात भाज्या, चीज, चटण्या भरतात. हा झाला लहान. दोन वितींचा झाला मोठा. पदार्थ एवढाच. त्याहून मोठा पसारा असतो तो भिंतीवरच्या पाट्यांचा. रोज एक ठरावीक सँडविच कमी किमतीत. सँडविचसोबत पेय आणि बिस्किट घेतले तर ‘कॉम्बो’. एकावर एक मोफत. मोबाईलवर मागवले तर निराळी सूट, आणि ती दिसते तोवर तिची मुदत संपत आलेली. मी पहिल्या आठवड्यात या पाट्या पाठ केल्या, आणि पाठ झाल्यावर मला कळले की दर पंधरा दिवसांनी त्या बदलतात. इतक्या वेगाने बदलणारी स्मृती मी आयुष्यात पाहिली नव्हती.

लोक मला आजही विचारतात, “गुरुजी, खरं सांगा, या ऑफरमध्ये काही अर्थ असतो का?” खरे सांगतो. रोजच्या ठरावीक सँडविचमध्ये असतो. भूक एकाची, पाव एकाचा, किंमत दीडशेच्या आत. त्यात लबाडी नाही. एकावर एक घ्यावे, पण दोन तोंडे समोर असतील तरच. कॉम्बोमध्ये मात्र माणूस सँडविचसाठी येतो आणि नको असलेल्या गोड पाण्याचे पैसे देऊन जातो. ते पाणी आम्हाला जवळजवळ फुकट पडते आणि दुकानाचा खरा नफा तिथेच असतो, हे माधवने मला सांगितले तेव्हा माझ्या हातातली पावतीची गुंडाळी खाली पडली होती.

बँकेतून निवृत्त झालेले जयंतीभाई रोज साडेअकराला येत आणि दारातूनच विचारत, “मास्टरजी, आज का फायदा किस में है?” वर्षभर मी त्यांना पाटीकडे बोट दाखवत आलो. एके दिवशी राहवले नाही. म्हणालो, “जयंतीभाई, घर से पानी लेके आओ. कॉम्बो मत लो.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “आप इनके नौकर हो कि मेरे?” दुसऱ्या दिवशी ते स्टीलची बाटली घेऊन आले. माधव महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होता.

पण हे हसण्यावारी नेण्याजोगे झाले. जे हसण्यावारी नेता आले नाही ते टेबलावर असे. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणाऱ्या घरात मी वाढलो. पहिल्याच महिन्यात एक जोडपे आले, एकावर एक म्हणून दोन मोठी घेतली, आणि त्यातले एक जवळजवळ अख्खे तसेच सोडून गेले. मी मागून हाक मारली, “अहो, हे राहिलं तुमचं.” तो तरुण वळून म्हणाला, “असू दे अंकल, ते फ्रीचं होतं.” फुकटाचे म्हणून अन्न टाकता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही.

आता ज्या प्रसंगासाठी लेखणी उचलली, तिकडे येतो.

सुलभा ही माझी जुनी विद्यार्थिनी. घर मूळचे रायगडातले. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. त्या वर्षी तिने भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वसाहतीत स्वतःचे घर घेतले होते आणि नव्या घरातले पहिले हळदीकुंकू संक्रांतीला करायचे ठरवले होते. आदल्या वर्षी, सासूच्या घरी, तिने वाण म्हणून साबणाच्या डब्या लुटल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांची झाकणे बसत नव्हती. वर्षभर जावा-नणंदांनी तो विषय सोडला नव्हता. नव्या इमारतीत, नव्या शेजारणींपुढे, आता आपले नाव राहावे एवढीच तिची इच्छा होती. वाचकांतील पुरुषांसाठी सांगतो: वाण ही आलेल्या सवाष्णीच्या हातावर ठेवायची भेट. लहान असो, पण ती पूर्ण हवी. अर्धवट वस्तू वाणात चालत नाही, आणि दिलेले वाण कोणी परत करत नाही. परत आले तर तो त्या घराचा अपमान.

पौषात ती दुकानात आली तेव्हा गल्ल्यावर कुपनांचा गठ्ठा पडला होता. गुळगुळीत कागद, त्यावर टपोरी दोन सँडविचे, आणि भल्या थोरल्या अक्षरांत ‘एकावर एक मोफत’. महिनाअखेरीपर्यंत ती सारी वाटून संपवा असा कंपनीचा निरोप होता. सुलभाने एक उचलून पाहिले.

“सर, अशी चाळीस मिळतील? वाण म्हणून लुटते. कुणी दिलं नसेल असं.”

माधव आतूनच म्हणाला, “चाळीस काय, साठ घ्या ताई!”

सुलभा कुपन हातात फिरवत राहिली. “सर, यात काही भानगड नाही ना?”

मी म्हणालो, “अगं, अन्नाचे वाण. याहून उत्तम काय असणार?”

हे वाक्य मी उच्चारले. विद्यार्थ्यांना एकतीस वर्षे सांगत आलो की श्लोकाखालची टीका वाचल्याशिवाय अर्थ सांगू नका. आणि ते कुपन मी एकदाही उलटून पाहिले नाही. उलट, घरी नेऊन माझ्या पत्नीकडून चाळीस पाकिटे करवून घेतली, प्रत्येकावर तिच्याच हातची हळदीकुंकवाची बोटे उमटवून घेतली, आणि मोठ्या समाधानाने सुलभाला नेऊन दिली. हळदीकुंकू थाटात झाले. सुलभाचा फोन आला. “सर, सगळ्या विचारत होत्या, सुचलं कसं!” मी मनातल्या मनात थोडे श्रेय स्वतःकडे घेतले.

चारच दिवसांनी, बुधवारी दुपारी, हिराबाय दुकानात आली. ती खारी गावातली; इंद्रलोकच्या फाटकाशी भाजी विकते आणि सुलभाची रोजची भाजीवाली. साठीची, ठसठशीत कुंकू, अंगावर ठेवणीतले लुगडे. सोबत सून. सासूसुना रिक्षा करून पूर्वेकडून पश्चिमेला आल्या होत्या. हिराबायने पदराच्या गाठीतून पाकीट सोडवले आणि कुपन माझ्यापुढे ठेवले.

“मास्तर, दोन द्या. येक मना, येक हिला.”

मी कुपन मशीनला दाखवले. मशीनने आकडा दाखवला, चारशेच्या वर. मला वाटले बोट चुकले. पुन्हा दाखवले. तोच आकडा. तेव्हा मी ते कुपन प्रथम उलटले. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले होते की हे फक्त मोठ्या सँडविचवर चालेल, सोबत मोठे पेय विकत घ्यावे लागेल, सोमवार ते गुरुवार दुपारी तीन ते सहा या वेळेतच, आणि एका पावतीवर एकच. म्हणजे कुपन न वापरता या दोघींनी रोजचे ठरावीक सँडविच घेतले असते तर तीनशेच्या आत पोटभर खाऊन उठल्या असत्या. मोफत घेतल्याने त्यांना शंभराहून अधिक जादा मोजावे लागणार होते. मी तो हिशेब मनात तीनदा केला. विश्वास बसेना.

“हिराबाय, याचे... चारशे द्यावे लागतील.”

“फुकट हाय ना?”

“दुसरे फुकट आहे. पहिल्याचे पैसे.”

“मंग ह्ये वाण कशाचं? सुलभानं मना दिलंन काय?”

सून हळूच म्हणाली, “आत्ये, चला ना. लोकं बघतात.” मागे रांगेत कॉलेजची चार पोरे उभी होती. मी घाईघाईने म्हणालो, “बसा, आज माझ्याकडून घ्या.” हिराबाय ताठ झाली.

“मी तुमचे दारी मागाया न्हाय आलू, मास्तर.”

कुपन पुन्हा पाकिटात घालून ती सुनेला घेऊन निघून गेली. दोघी उपाशीच गेल्या असणार; खायला म्हणून आल्या होत्या त्या.

त्याच संध्याकाळी हिराबायने ते पाकीट सुलभाच्या दारात नेऊन दिले. “तुझं वाण तुला.” एवढेच बोलून ती गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघींनी परत केले, नंतर आणखी तिघींनी. त्यांतल्या एकीने पाकीट नुसते दाराच्या कडीला अडकवून ठेवले. सासूचा फोन आला तो असा: “साबणाच्या डब्या तरी घरात राहिल्या गं.”

शनिवारी सुलभा दुकानात आली. गल्ल्यावर सहा पाकिटे ओळीने मांडली. माझ्या पत्नीने उमटवलेली हळदीकुंकवाची बोटे अजून ताजी दिसत होती.

“सर, मी तुम्हाला विचारलं होतं.”

ती ओरडली असती तर बरे झाले असते. मी माधवला बाहेर बोलावले आणि म्हणालो, “ही चाळीस कुपने खरोखर मोफत करून दे.”

“मामा, मशीन घेणारच नाही. तसं बटणच नाही त्यात. आणि मागे सगळं लिहिलंय की! आपण कुठे काय लपवलं?”

“अरे, पुढे ढोल बडवायचा आणि मागे कुजबुजायचे, याला सांगणे म्हणतात का?”

“सगळेच असं करतात, मामा.”

त्यानंतर चौदा महिने मी त्या गल्ल्यावर होतो. कुपन हातात देण्याआधी मागची अक्षरे मराठीत आणि हिंदीत मोठ्याने वाचून दाखवायची, ही माझी अट माधवने नाइलाजाने मानली. काही लोक हसून कुपन ठेवून देत. बहुतेक सारे ऐकून घेत, मान डोलवत आणि तरीही घेत. यामुळे मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही, पण तो माझा प्रश्न. त्या शनिवारी समोर सुलभा उभी होती.

मी म्हणालो, “चाळीस जणींच्या सँडविचचे पैसे मी भरतो.”

“मग ते वाण तुमचं झालं, सर. माझं काय राहिलं?” ती म्हणाली. पाकिटे गोळा करत ती पुढे म्हणाली, “रथसप्तमीला अजून आठ दिवस आहेत. तोवर हळदीकुंकू करता येतं. मी सगळ्यांना पुन्हा बोलावते. पण मी एकटी गेले तर म्हणतील, सारवासारव करते. तुम्ही चला माझ्यासोबत. तुमचं ऐकतील.”

बायकांच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण करायला सत्तरीकडे झुकलेला पुरुष दारोदार फिरतो, असे दृश्य इंद्रलोकने पूर्वी पाहिले नसावे. प्रत्येक दारात मी तेच सांगितले: सुलभाने विचारले होते, मी न वाचता होकार दिला, दोष माझा आहे. कोणी पाणी दिले, कोणी दार अर्धेच उघडले. एक बाई म्हणाल्या, “जाऊ द्या हो काका, आम्ही ते वापरणारच नव्हतो,” आणि ते मला अधिक लागले.

खारीत हिराबाय अंगणात मेथी निवडत बसली होती. मी उभ्यानेच सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि मान वर केली.

“तुमी पोथी वाचता ना, मास्तर?”

“वाचतो.”

“आन् ह्ये येवढंसं वाचलं न्हाय?”

“नाही वाचले.”

तिने हातातली मेथी खाली ठेवली. मग सुनेला हाक मारून म्हणाली, “गं, च्या टाक. मास्तर खोटं न्हाय बोलत.” सुलभाशी मात्र ती बोलली नाही. येते की नाही, तेही सांगितले नाही.

रथसप्तमीला सकाळीच मी आणि माझी पत्नी सुलभाकडे गेलो. काय करायचे हे तिने आधीच ठरवले होते. “बायकांना सँडविच म्हणून सांगितलं होतं ना, सर? मग सँडविचच खातील. माझ्या हातचं.” तिने कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणला, कोथिंबीर-पुदिन्याची चटणी वाटली, बटाटे आणि बीट उकडले. पत्नी लोणी लावू लागली. मला काकडी-टोमॅटोच्या चकत्या लावण्याचे काम मिळाले. अर्घ्य देऊन झाले, तीन वाजता बायका येऊ लागल्या. पाच आल्या, अकरा झाल्या, चारपर्यंत तिशी गाठली. सुलभा प्रत्येकीला हळदीकुंकू लावी आणि पुन्हा दाराकडे पाही. हिराबाय आली नव्हती.

साडेचारला ती आली. सून सोबत होती. ती थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि माझ्या हातांकडे पाहू लागली.

“मास्तर, काकडी मोजता काय?”

मी खाली पाहिले. प्रत्येक पावावर काकडीच्या तीन चकत्या होत्या, टोमॅटोच्या तीन. कंपनीत लहान सँडविचचे माप तेच असते, चौथी चकती गेली की पाव भरणाऱ्या मुलीला मीच टोकत असे. पण येथे कंपनी नव्हती, माप नव्हते, परातीत चकत्यांचा ढीग पडून होता, आणि माझा हात आपण होऊन तिसरीवर थांबत होता. तासभर थांबत होता. मला त्याची जाणीवही नव्हती. जवळजवळ आठ वर्षे माझ्या वाणीवर अन्नपूर्णेचे नाव होते, आणि हात हे शिकून बसला होता.

“सरा बाजूला,” हिराबाय म्हणाली. तिने पदर खोचला, परातीत हात घातला आणि मूठभर चकत्या एका पावावर दाबून बसवल्या. मग दुसऱ्यावर. “अशी भरतात. खानाऱ्याचं तोंड भरलं पायजे.” बाहेरच्या बायका हसू लागल्या. कोणीतरी म्हणाली, “हिराबाय, काकांची नोकरी घालवाल!” “जाऊंदे! ही काय नोकरी हाय?” ती म्हणाली, आणि मीही हसलो.

तिने भरलेले पहिले सँडविच सुलभाने तिच्याच हातात दिले. हिराबायने उभ्यानेच मोठा घास घेतला. चटणी ओठांवर आली. उरलेले तिने सुनेच्या हाती दिले, तोंड पुसले आणि कपाळ सुलभापुढे केले.

“आता लाव कुकू. आता वाण मिलालं.”

सुलभाने कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवले. टिळा सरळ उमटला.

हा अंक ज्यांच्या घरी उघडला जाईल त्या सर्व वाचकांस आणि त्यांच्या कुटुंबास माझे आशीर्वाद. तुमच्या घरात वाढणाऱ्याचा हात सदैव सैल असो, जेवणाऱ्याला भूक असो आणि पानात काही उरू नये. दारी आलेला मान घेऊन परत जावो. लेकीसुनांच्या हातच्या अन्नाला अन्नपूर्णेने आपली चव द्यावी, आणि श्रीगजाननाने तुमच्या उंबरठ्यावर अखंड वस्ती करावी. शुभं भवतु.